अजिंठ्याचे पाहुणे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर एका साहेबाचं नाव कोरलेलं आहे. जॉन स्मिथ, २८ वी कॅव्हलरी, आणि पुढं तारीख, २८ एप्रिल १८१९. नाव कोऱ्या दगडावर नाही, खांबावर रंगवलेल्या एका आकृतीच्या अंगावर कोरलेलं आहे. आणखी एक गोष्ट लक्षात येते. ते नाव माणसाच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर आहे. साहेब काही शिडी घेऊन आला नव्हता. त्या काळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. पुढं ढीग उपसला, जमीन खाली गेली, नाव वर राहिलं.

स्मिथ मद्रास फौजेतला अधिकारी. निजामाच्या मुलखात वाघाच्या शिकारीला आला होता आणि वाघूर नदीच्या घळीत त्याला समोरच्या कड्यात कोरीव कमान दिसली. नववं आणि दहावं ही अजिंठ्यातली सर्वांत जुनी चैत्यगृहं. दहाव्या लेण्याच्या भिंतीवर ज्या जातककथा रंगवलेल्या आहेत, त्यांतली एक छद्दंत हत्तीची. शिकारी बाण मारतो, आणि तो हत्ती आपले सुळे आपणहून त्याच्या हाती देतो. दुसरी श्यामाची. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला गेलेला मुलगा, आणि शिकारीला निघालेल्या राजाचा चुकून लागलेला बाण. आपल्याकडच्या श्रावणबाळाच्या कथेशी फारच जवळचं नातं. दोन्ही कथा शिकाऱ्याच्याच. ज्या लेण्यात त्या रंगवल्या, तिथंच एका शिकाऱ्यानं जाऊन नाव कोरावं, याला योगायोगच म्हणायचं. भिंतीवर काय रंगवलंय हे बिचाऱ्याला कुठून कळणार?

शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं की १८१९ मध्ये अजिंठ्याचा ‘शोध’ लागला. मला हा शब्द खटकतो. घळीच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे, तिचं नावच लेणापूर. म्हणजे लेणी आहेत हे तिथल्या लोकांना ठाऊक होतंच. गुराखी, भिल्ल, पावसात आडोसा शोधणारा एखादा बैरागी, ही मंडळी तिथं येत-जात होती. १८१९ मध्ये सुरू झाली ती वेगळीच गोष्ट. केवळ पाहायला येणारा माणूस तिथं पहिल्यांदा आला. त्याला पुढं आपण पर्यटक म्हणू लागलो. त्या पहिल्या पाहुण्यानं जे पहिलं काम केलं ते खांबावर अजून आहे. म्हणून अजिंठ्याचा इतिहास मी आज बांधणाऱ्यांच्या बाजूनं सांगणार नाही, पाहुण्यांच्या बाजूनं सांगणार आहे. गेल्या दोनशे वर्षांत या चित्रांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं चित्रांवर प्रेम करणाऱ्यांच्या हातून झालं, आणि ही गोष्ट आपण सहसा बोलत नाही.

आधी चित्रं कशावर काढली आहेत ते पाहू, म्हणजे पुढचं समजेल. अजिंठ्याची लेणी दोन टप्प्यांत कोरली गेली. पहिला टप्पा सातवाहनांच्या काळचा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. दुसरा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळचा. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं करवलं, तसा लेख तिथं आहे. आपण ज्या चित्रांसाठी अजिंठ्याला जातो, तो पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर आणि सिंहल यांच्या कथा, ही सारी या दुसऱ्या टप्प्यातली.

कड्याचा दगड आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. तो टाकीनं मुद्दाम खडबडीत ठेवला, त्यावर मातीचा गिलावा दिला. त्या मातीत भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळले. आपल्या आज्या घराच्या भिंती लिंपताना हेच करीत. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. युरोपातल्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि रंग चुन्यातच मुरून बसतो. इथं तसं नाही. इथं रंग कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्याच्या आधारानं धरून आहे. पिवळा, तांबडा, हिरवा हे बहुतेक माती-दगडांचे रंग, काळा काजळीचा, आणि निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. थोडक्यात, ही चित्रं म्हणजे शेणामातीच्या घराची भिंत, दीड हजार वर्षं टिकलेली. तिला ओल नको, धक्का नको, घासणं नको. गवत-तुसामुळं किड्यांनाही तिचं आमंत्रण असतं. इतकी वर्षं ती टिकली याचं एक मोठं कारण असं की फारसं कोणी आत गेलं नाही.

मग लोक जाऊ लागले. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर नावाचा लष्करी अधिकारी गेला आणि त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला हकीकत कळवली. १८२८ मध्ये ग्रेस्ले आणि राल्फ हे दोघे गेले. त्याच सुमारास मुंबईचे डॉक्टर जेम्स बर्ड तिथं पोचले. हे बर्ड काही अडाणी शिपाई नव्हते, बौद्ध आणि जैन धर्मांवर संशोधन करणारे विद्वान होते. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचं चित्र आहे. त्या काळच्या साहेबांना ते राशिचक्र वाटलं. राल्फनं लिहून ठेवलंय की, चित्रांना हात लावू नये असं सांगूनही या गृहस्थांनी त्यातल्या चार आकृती सोलून काढल्या. मातीवरचं चित्र असं सोलून टिकत नसतं. पण ते बरोबर न्यावं, आपल्याजवळ असावं, अभ्यासाला उपयोगी पडावं, असं त्या विद्वानाला वाटलं. स्मिथला आपलं नाव मागं ठेवायचं होतं, बर्डना चित्र पुढं न्यायचं होतं.

पुढं तर राखणदारच तुकडे काढून पाहुण्यांना देऊ लागले, असं जुन्या नोंदींत वाचायला मिळतं. साहेब खूश होऊन चार पैसे देणार, भिंतीवरचा एक चेहरा कमी होणार. अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. राखणदाराला नावं ठेवणं सोपं आहे, पण मागणारा होता म्हणून देणारा झाला. पर्यटनाच्या गावी हे नेहमीच असं असतं.

यानंतर येतो रॉबर्ट गिल. वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन १८३९ मध्ये अजिंठ्याला येऊन गेला होता. १८४३ मध्ये त्यानं लंडनमध्ये लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्या, म्हणून आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीनं मानलं आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या गिलची नेमणूक झाली. त्या वेळी तो चाळिशीचा होता. बाकीचं सारं आयुष्य त्यानं अजिंठ्यातच काढलं. गावातल्या बारादरीत राहायचं, लेण्यांकडं जायचं, अंधारात डोळे ताणून भिंतीवरचं चित्र मोठ्या कापडावर उतरवायचं. अजिंठा गावात पारो नावाच्या स्त्रीचं थडगं आहे, त्यावर मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी आहे. गिल आणि पारो यांची कहाणी ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळं आणि २०१२ मध्ये आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटामुळं मराठी माणसाला ठाऊक आहे, तेव्हा ती इथं पुन्हा सांगत नाही.

गिलच्या प्रती लंडनला गेल्या, सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली. वीस वर्षांचं काम जळलं. मोजकी चार-पाच चित्रं काय ती वाचली. इकडं गिल जिवंत होता. त्यानं पुन्हा कामाला सुरुवात केली! १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे. जळगाव-भुसावळच्या लोकांनी कधी वाट वाकडी करून पाहावी अशी ती जागा आहे.

त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या कला शाळेचे, म्हणजे आपल्या जे. जे. चे, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन दर हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हा पुढं नावाजलेला पारशी चित्रकार त्यांच्यातच होता. हे काम तेरा वर्षं चाललं. शेकडो प्रती झाल्या, त्याही लंडनला गेल्या. आणि १८८५ मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. एकाच लेण्याच्या प्रती दोनदा आगीत जाव्यात, हे कादंबरीत लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. वाचलेल्या प्रतींवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन मोठे ग्रंथ निघाले. आज मूळ भिंतीवरून जे पुसलं गेलं आहे, त्यातलं काही केवळ या प्रतींत पाहायला मिळतं. एवढं ऋण मान्य करून पुढचं सांगितलं पाहिजे. प्रती करताना धुरकटलेले रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना वॉर्निश लावलं गेलं. वॉर्निश लावलं की रंग काही काळ तजेलदार दिसतात. मग ते वॉर्निश पिवळं पडतं, त्यावर धूळ बसते आणि खालचं चित्र आधीपेक्षा अंधारात जातं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०९ ते १९११ या काळात, लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर प्रती करायला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी आली, हैदराबादहून सय्यद अहमद आले. आता पाहणारा नुसता साहेब राहिला नव्हता. आपल्याच देशातला चित्रकार आपलीच चित्रं पाहून चकित झाला होता, आणि आधुनिक भारतीय चित्रकलेवर त्याचा परिणाम झाला. इकडं महाराष्ट्रात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. संस्थानिक असून सूर्यनमस्कार आणि चित्रकला या दोन गोष्टींचं वेड असलेला हा माणूस. अजिंठा त्याच्या नजरेतून सुटला असता तरच नवल.

लेणी निजामाच्या राज्यात होती आणि निजाम सरकारनं त्यांच्याकडं खरोखर लक्ष दिलं, हे मोकळेपणानं सांगायला हवं. १९१४ मध्ये हैदराबादला पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांनी अजिंठ्यावर चार खंड सिद्ध केले. चित्रं भिंतीपासून सुटू लागली होती म्हणून १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा दगडाला धरवला, फुटक्या कडा लिंपून बंद केल्या. हे त्यांनी केलं नसतं तर कितीतरी चित्रं आपण पाहूच शकलो नसतो. आणि याच तज्ज्ञांनी चित्रांना संरक्षण म्हणून लाखेचा लेप दिला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणं तो उत्तम उपाय होता. काही दशकांत तो लेप काळवंडला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांचा पुढचा कितीतरी काळ तो हलक्या हातानं काढण्यात गेला आहे. कापसाचा बोळा, द्रावण, बोटभर जागा, मग पुढची बोटभर जागा, असं ते काम.

मी चेकोनीला दोष देत नाही. पण अजिंठ्याच्या भिंतीवर पाहुण्यांचे जे थर बसले आहेत, त्यांत नाव कोरणाऱ्याचा थर अगदी पातळ आहे. जाड थर आहेत ते उत्साहाचे.

स्वातंत्र्यानंतर लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडं आली आणि पाहुण्यांची जात बदलली. साहेब, चित्रकार, संस्थानिक यांची जागा आपण घेतली. शाळेच्या सहली, एसटीच्या गाड्या, लग्नानंतर फिरायला निघालेली जोडपी, लेण्यांपुढं हात जोडणारे श्रीलंका-जपानचे बौद्ध यात्रेकरू. एक जुनी पद्धत काही वाचकांना आठवत असेल. लेण्याच्या दाराशी एक माणूस आरसा घेऊन उन्हात उभा राहायचा, आत दुसरा पांढरं कापड धरायचा, आणि उन्हाचा कवडसा कापडावरून भिंतीवर पसरायचा. फार सुंदर दिसायचं ते. मग विजेचे दिवे आले. दिव्यासाठी वेगळं तिकीट असायचं. ते काढलं की लेण्यातला माणूस दिवा लावून पद्मपाणीच्या चेहऱ्याजवळ नेई आणि गाइडचं बोलणं संपेपर्यंत तिथं धरून ठेवी. त्या दिव्याची आच चित्राला लागते, हे कोणाच्या मनातही येत नसे. पुढं मंद, आच न देणारे दिवे बसले आणि फ्लॅशवर बंदी आली. १९८३ मध्ये ताजमहाल, आग्र्याचा किल्ला आणि वेरूळ यांच्याबरोबर अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेला. या यादीत आलेली ही आपल्या देशातली पहिली स्थळं. साहजिकच गर्दी वाढली.

या गर्दीतला बहुतेक माणूस सज्जन असतो. तो नाव कोरत नाही, भिंतीला हात लावत नाही, रांगेत उभा राहतो. तो फक्त श्वास घेतो. आणि अडचण तिथंच आहे. पहिलं किंवा सतरावं लेणं म्हणजे पुढं ओसरी असलेला, मागं तीन बाजूंनी बंद असा मोठा दालनासारखा भाग. हवा खेळायला वाट फक्त समोरून. त्यात माणसं दाटीनं उभी राहिली की श्वासातली वाफ, घाम, अंगाची ऊब, पावसाळ्यात ओले कपडे आणि छत्र्या यांनी आतली ओल वाढते. माणसं बाहेर गेली की कमी होते. दुसरा घोळका आला की पुन्हा वाढते. मातीचा गिलावा ओल पितो, फुगतो, सुकतो, आक्रसतो. पाठीवरची पिशवी वळताना खांबाला घासते. चपला लेण्याबाहेर काढल्या तरी पायांबरोबर धूळ येतेच आणि ती उडून भिंतीवर बसते. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही. पुराणवस्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यात झाली. पण श्वासाला कोणतं कलम लावणार?

फ्रान्समध्ये हाच प्रश्न आपल्या आधी उभा राहिला होता. लास्को इथली गुहा १९४० मध्ये काही मुलांना सापडली. आत हजारो वर्षांपूर्वीचे रंगवलेले बैल, घोडे. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली. रोज हजाराहून अधिक माणसं आत जाऊ लागली आणि पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, दगडावर पांढरे खडे जमू लागले. १९६३ मध्ये सरकारनं गुहा बंद केली, ती कायमची. जवळच हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि १९८३ पासून लोक ती पाहतात. काहींनी नाकं मुरडली, पण लोक गेले. आजही जातात.

अजिंठ्यात इतक्या टोकाला जावं लागलेलं नाही, पण पावलं त्याच दिशेनं पडली. जपानच्या कर्जाच्या मदतीनं १९९० च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकासाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातला सर्वांना जाणवलेला बदल म्हणजे गाड्या थांबल्या. पूर्वी खासगी मोटार थेट लेण्यांच्या पायथ्याशी जाई. आता फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी सोडायची आणि पुढचं चारेक किलोमीटर अंतर एसटी महामंडळाच्या कमी धूर सोडणाऱ्या बसनं जायचं. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच सोडायची, असा नियम झाला. लेण्यांसमोरची दुकानंही टी पॉइंटवर हलवली.

आपल्यासारखे पाहुणे टी पॉइंटला बस बदलायला लागते म्हणून कुरकुर करतात. मुलं रडतात, म्हाताऱ्यांना त्रास होतो, हे खरंच आहे. पण या व्यवस्थेची खरी किंमत मोजली ती फर्दापूर आणि आसपासच्या माणसांनी. घळीतले रंगीत स्फटिक, दगडी मूर्ती, माळा विकणाऱ्यांची वर्षानुवर्षांची जागा गेली. लेण्यांतून दमून बाहेर आलेलं गिऱ्हाईक आणि बस पकडायच्या घाईत असलेलं गिऱ्हाईक यांत फरक असतो. कोणत्याही दुकानदाराला विचारा. त्यामुळं टी पॉइंटवर बसमधून उतरताच चहूकडून जे विक्रेते अंगावर येतात आणि ज्यांचा आपल्याला राग येतो, ते निम्मे आपल्या व्यवस्थेनंच तयार केले आहेत. निसर्ग आणि वारसा जपायचा तर जवळ राहणाऱ्यांचं पोटही त्या हिशेबात धरावं लागतं. अजिंठ्यात तसं पुरेसं झालं नाही, असं माझं मत आहे. लेण्यांचा गाइड, डोलीवाला, बसचा वाहक, धाब्यावरची बाई, यांना लेणी टिकण्यात जितका रस आहे तितका मुंबई-पुण्याच्या कोणत्याही समितीला नसेल. लेणी बंद झाली तर समितीची बैठक होईल, यांची चूल विझेल.

प्रतिकृतीचा मार्गही आपण धरला. टी पॉइंटजवळ मोठं अभ्यागत केंद्र बांधलं. पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं या चार लेण्यांच्या प्रतिकृती, प्रेक्षागृह, माहितीची दालनं, असा थाट. २०१३ मध्ये ते उघडलं. कल्पना उत्तम होती. आधी इथं सावकाश, भरपूर उजेडात सगळं पाहावं, कथा समजून घ्याव्यात, आणि मग खऱ्या लेण्यात पाच-दहा मिनिटं जाऊन यावं. पण काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिलं थकली, जोडणी तुटली आणि केंद्र बंद पडलं. गिलच्या प्रती आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या आगीत गेल्या. आपल्या प्रतींना आगीचीही गरज पडली नाही.

हे सगळं ऐकून कोणी विचारील, मग जायचंच नाही की काय? जरूर जावं. मराठी माणसानं एकदा तरी जावं. पण आपण पाहुणे कसे वागतो हे जरा बघा. सकाळी छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, निघायचं, एकाच दिवसात अजिंठा उरकायचा, जमलं तर परतताना आणखी काहीतरी ‘कव्हर’ करायचं. सगळे घोळके साधारण त्याच तासांत पहिल्या लेण्याशी येऊन थडकतात. आत गेल्यावर पद्मपाणीसमोर मोबाइल वर धरलेले हात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जो वेळ लागतो, तेवढा वेळही कोणी थांबत नाही. चित्र दिसत नाही म्हणून आणखी पुढं सरकतात, आणखी उजेड मागतात. मी पाहिलंय, एक शिक्षिका पन्नास मुलांना बाहेर ओट्यावरच बसवून विश्वंतराची गोष्ट सांगत होत्या. दान करता करता राज्य दिलं, रथ दिला, मुलंसुद्धा दिली, अशी. मग दहा-दहाच्या गटानं मुलं आत सोडली. आत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुलंच एकमेकांना कुजबुजत दाखवत होती, तो बघ, तो रथ. त्या पन्नास मुलांनी लेण्यात जेवढी वाफ सोडली असेल, त्याहून किती जास्त बरोबर नेलं!

जमलं तर आदल्या दिवशी फर्दापुरात मुक्काम करावा. त्यानं गावात चार पैसे राहतात आणि सकाळची पहिली बस मिळते. पहिल्या बसनं गेलात तर गर्दीच्या उलट दिशेनं चाला, आधी सव्विसावं लेणं पाहा. तिथं महापरिनिर्वाणाची आडवी, प्रचंड मूर्ती आहे. दगड आहे, त्याला आपल्या श्वासाचं भय मातीच्या चित्रांइतकं नाही, तेव्हा हवा तितका वेळ बसा. एकोणिसाव्या लेण्याची दर्शनी बाजू सकाळच्या उजेडात निवांत पाहा. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथचं नाव शोधा, मुलांना दाखवा, त्याचं वर असण्याचं कारण विचारा. चित्रांची लेणी शेवटी, पाठीवरची पिशवी पुढं घेऊन. पावसाळ्यात गेलात तर सप्तकुंडाचा धबधबा आणि घळीतली हिरवाई लेण्यांइतकीच पाहण्यासारखी असते, पण वेफर्सच्या पुड्या वाघुरीच्या पाण्यात तरंगताना बघवत नाहीत, त्या परत आणा. आणि सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी लेणी बंद असतात.